डावीकडे, वर

मी एक जुना गिअरबॉक्स आहे. एका गॅरेजमध्ये, कामाच्या बाकाच्या पायाशी, दोन विटांवर मला टेकवून ठेवले आहे. माझ्या उजव्या कुशीला तळहाताएवढे भगदाड पडले आहे आणि त्यातून माझे दाते बाहेरून दिसतात. गिअरबॉक्सचे दाते बाहेरून दिसणे म्हणजे माणसाचे काळीज बाहेरून दिसण्यासारखे आहे. तशी वेळ कोणावर येऊ नये. मित्रांनो, मी तुम्हांला माझी हकिकत सांगणार आहे. मला थोडी घाई आहे. ती का, हे ऐकता ऐकता तुम्हांला कळेलच.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतले आणि मी घडलो. आत पोकळी राहावी म्हणून साच्याच्या पोटात वाळूचाच एक गाभा ठेवतात आणि बीड थंड झाले की तो फोडून काढतात. म्हणजे रिकामे होणे मला जन्मापासून ठाऊक होते. पण ते कशाने तरी भरण्यासाठी होते. माझ्यात पोलादी दात्यांची चाके बसवली, ती चाके ज्यांवर फिरतात ते दोन लोखंडी दंड बसवले आणि शेवटी मधासारखे दाट तेल ओतले. पहिल्यांदा तेल अंगात गेले तेव्हा मला वाटले, आता आपण पुरे झालो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बीड कितीही ओझे सोसते, पण घाव सोसत नाही. ते वाकत नाही, फुटते.

माझे काम तसे साधे होते. इंजिन जोरात फिरते, पण त्या फिरण्यात चढ चढण्याइतके बळ नसते. मी त्याच्याकडून वेग घ्यायचो आणि चाकांना बळ द्यायचो. गाडी सपाटीला लागली की बळ कमी आणि वेग जास्त. हा सौदा कधी करायचा ते चालवणाऱ्याच्या हाताने ठरवायचे. माझ्या डोक्यावर एक दांडी होती. दांडी डावीकडे खाली ओढली की पहिला गिअर. उजवीकडे वर ढकलली की दुसरा. उजवीकडेच खाली ओढली की तिसरा. आणि डावीकडे वर ढकलली की रिव्हर्स, म्हणजे गाडी मागे.

मागे जाण्याची युक्तीही सांगतो. दोन चाकांचे दाते एकमेकांत अडकले की एक ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट दुसरे फिरते. मध्ये आणखी एक चाक घातले की दिशा पुन्हा उलटते. माझ्या उजव्या कुशीत असे एक जादा चाक आहे. पुढे जाताना ते कोणाच्या अध्यातमध्यात नसते. दांडी डावीकडे वर गेली की ते मध्ये येते आणि गाडी मागे सरकते. एवढे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या एका चाकाची आहे.

आमची गाडी एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. त्या माणसांच्या नव्हे, गुरांच्या डॉक्टर होत्या. गाई, शेळ्या, घोडे, कधी कोणाचे कुत्रे. तेव्हा बाई तरुण होत्या आणि गाडी चालवायला नुकत्याच शिकल्या होत्या. माझ्यासारख्या जुन्या गिअरबॉक्सला दोनदा क्लच दाबावा लागतो. एकदा गिअर काढायला आणि एकदा घालायला. मध्ये ॲक्सिलरेटर दाबून इंजिनला हलकीशी हूल द्यायची, म्हणजे दाते एका वेगाला येतात आणि गुपचूप मिसळतात. हे न जमल्यामुळे पहिले काही दिवस त्यांनी मला असे किंचाळायला लावले की रस्त्यावरची माणसे वळून बघत.

बाईंचे यजमान शेजारी बसून कानात बोटे घालत. म्हणत, "गुरांची डॉक्टर आणि गाडीची खाटीक!"

"उतरा मग," बाई म्हणत. "गुरं तरी गप्प बसतात."

पण त्या शिकल्या. इतक्या छान शिकल्या की पुढे माझा आवाज त्यांच्या झोपलेल्या मुलीलाही जागे करीत नसे. मुलगी मागच्या सीटवर, औषधांच्या पेटीला टेकून झोपलेली असे. आम्ही दगडी वाटांवरून जायचो, ओढ्यातून जायचो, गोठ्यांच्या दारात उभे राहायचो. बाईंचा डावा हात दांडीवर असे. चढ आला की उतार, गिअर कधी बदलायचा, हे त्यांना बघावे लागत नसे. त्यांचा तळहात माझा थरकाप ऐकत असे.

एकदा एका गवळ्याच्या गाईचे शिंग मुळाशी मोडले. बाईंनी ते कापून काढले आणि जखम बांधली. गाय जगली. गवळ्याने त्याच शिंगाच्या टोकाकडचा भरीव भाग कातून, घासून त्याची मूठ बनवली आणि घेऊन आला.

"हे काय आणलंस?" बाईंनी विचारले.

"तुमच्या गाडीच्या दांडीला. एक शिंग तिच्याकडं, एक तुमच्याकडं. आता ती तुमचीबी गाय झाली. चारा मात्र मीच घालीन, काळजी करू नका."

ती मूठ माझ्या दांडीवर बसली आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिली. बाईंच्या तळव्याने ती एका बाजूने गुळगुळीत झिजली. आधी मूठ हाताएवढी होती. नंतर हातच मुठीएवढा झाला, असे म्हटले तरी चालेल.

वर्षे गेली. यजमान गेले. मुलगी मोठी होऊन शाळेत विज्ञान शिकवू लागली. बाईंनी काम थांबवले आणि मग त्यांच्या डोक्यातून गोष्टी गळू लागल्या. आधी औषधांची नावे, मग शेजाऱ्यांची, मग आजचा दिवस. मुलीला त्या कधी ओळखत, कधी "तुम्ही कोणाकडच्या?" असे अगत्याने विचारत. मुलगी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. परतताना गाडीत ती बाईंना म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, डोकं विसरतंय, हात अजून विसरले नाहीत. हातांना काम देत राहा म्हणाले."

रस्त्यावर गाडी चालवणे तर आता शक्यच नव्हते. पण घरामागे एक मोकळे, कुंपणाचे मैदान होते. रोज संध्याकाळी मुलगी बाईंना तिथे गाडीत बसवी, स्वतः शेजारी बसे आणि बाई एक फेरी मारत. मित्रांनो, ती फेरी तुम्ही पाहायला हवी होती. घरात ज्यांना दिव्याचे बटण सापडत नसे, त्या बाई मुठीवर हात ठेवताच ताठ बसत. दोनदा क्लच, मध्ये हलकी हूल, दुसरा गिअर. मी एकदाही कुरकुरलो नाही.

"कुठे निघालोत आई?" मुलगी विचारी.

"अगं, टेकडीपलीकडे. गाय अडलीय. तू पाय आत घे आणि त्या पेटीवर बसू नकोस, काचेच्या बाटल्या आहेत."

मागे कोणतीही पेटी नसे. पण ती एक फेरी होईतो बाई बाई असत, मुलगी मुलगी असे, आणि दोघी एकमेकींना ओळखत. शेवटी कुंपणाजवळ गाडी थांबवून बाई दांडी डावीकडे वर ढकलत आणि मागे न बघता, सरळ रेषेत, गाडी शेडमध्ये घालत. मुलगी टाळी वाजवी. बाई म्हणत, "त्यात काय एवढं? वेडी कुठली."

मग एके दिवशी इंजिनमधले पाणी गळून गेले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. इंजिन तापले, तापतच राहिले, आणि त्याच्या ठोकळ्याला आडवी चीर गेली. मला शेजारी बसून ती चीर ऐकू आली. गाडी ओढून या गॅरेजमध्ये आणली.

मिस्त्रीने वाकून बघितले आणि हात पुसले. "ताई, इंजिन गेलं. आता याचा फोटो काढून भिंतीला लावा."

"दुसरं मिळेल?"

"या जातीचं नाही. पण नव्या गाडीचं एक बसवता येईल, मापात आहे. फक्त त्याची भोकं या गिअरबॉक्सला जुळत नाहीत. मध्ये जाड लोखंडी पाटी कापून जुळवता येतं, पण पाटीला वेळ लागेल. नाहीतर त्या इंजिनाचा गिअरबॉक्स तयारच आहे. पाच गिअर, मऊ क्लच. आईंचा गुडघा दुखतो म्हणालात ना?"

मुलीने गाडीच्या दारावर हात ठेवला. मग म्हणाली, "आई रोज विचारते, गाडी कधी येणार म्हणून. पंधरा वेळा सांगितलं तरी सोळाव्यांदा विचारते. फेरी बंद झाल्यापासून ती... लवकर होईल तेच करा."

तिचे काय चुकले? काही नाही. साखळीच्या कप्पीने आम्हांला गाडीतून वर उचलले. खाली ठेवल्यावर बोल्ट निघाले आणि इंजिन आणि मी पहिल्यांदा वेगळे झालो. भंगारवाला आला, त्याने घणाने इंजिनचे तुकडे केले आणि हातगाडीवर घातले. मी ते आवाज मोजले नाहीत. मी धडधाकट होतो, माझा एक दाताही तुटला नव्हता, आणि तरी मला जिवंतपणी बाजूला काढले होते. माझ्या तळाचा बूच काढून तेल एका डब्यात गाळले. रिकामे होणे मला ठाऊक होते, असे मी म्हणालो होतो. पण हे रिकामेपण वेगळे होते.

मुलगी जाता जाता माझ्याकडे वळली. "मिस्त्री, एक करा. ही शिंगाची मूठ तेवढी नव्या दांडीवर बसवा. आईच्या हाताला काहीतरी ओळखीचं पाहिजे."

"बसवतो की," मिस्त्री म्हणाला. नव्या दांडीची काळी मूठ, जिच्यावर पाच गिअरांचा नकाशा कोरलेला होता, ती त्याने फळीवर टाकली आणि तिथे शिंगाची मूठ आवळून बसवली.

मित्रांनो, चूक इथे झाली. ती रागाने किंवा आळसाने झाली नाही, मायेने झाली, म्हणून कोणालाच दिसली नाही. परकी मूठ हाताला लागली असती तर बाईंचा हात थबकला असता. त्यांनी विचारले असते, "हे काय नवीन?" पण मूठ जुनीच होती. हाताला वाटले, घर आपलेच आहे. आतल्या सगळ्या वाटा मात्र बदलल्या होत्या. नव्या गिअरबॉक्समध्ये डावीकडे वर रिव्हर्स नव्हता. तिथे पहिला गिअर होता. मागे जायची जागा पुढे जायची झाली होती.

मला हे कळत होते. मी ओरडू शकलो असतो तर! पण गिअरबॉक्सला आवाज देणारा हातच लागतो.

गाडी तयार झाली. ती गॅरेजमध्ये बाकाकडे तोंड करून उभी होती. त्याच दिवशी भंगारवाला मला न्यायला येणार होता, म्हणून मिस्त्रीने मला बाकाखालून ओढून पुढे, जमिनीवर आणून ठेवले होते. मुलगी बाईंना घेऊन आली. मिस्त्रीने दाराशी वाकून समजावले, "बाई, पहिला इकडे, दुसरा इकडे, आणि मागे घ्यायचं तर पार उजवीकडे खाली, बरं का." बाई अगत्याने मान हलवत होत्या. ऐकू न आलेला माणूस हलवतो तशी.

"आई, फक्त मागे घेऊन बाहेर काढ. पुढचं मी बघते," मुलगी म्हणाली आणि गाडीच्या पुढे, बाक आणि गाडी यांच्या मध्ये उभी राहिली. गाडी मागे जाणार होती. पुढे उभे राहायला भीती कसली? मिस्त्री मागे जाऊन हात हलवू लागला. "या, या, येऊ द्या."

बाईंनी मुठीवर हात ठेवला. त्या ताठ बसल्या. किती दिवसांनी! दोनदा क्लच दाबला. मी जमिनीवरून त्यांचा चेहरा बघत होतो आणि त्यांचा दंड हलला तसा मला कळले. डावीकडे. वर.

गाडी पुढे उसळली.

मुलगी ओरडलीसुद्धा नाही. तिच्या गुडघ्यांच्या आणि बंपरच्या मध्ये काहीच नव्हते. चाकाच्या वाटेत मात्र मी होतो. पुढचे चाक माझ्या उजव्या कुशीवर आदळले. मी घसरून बाकाच्या लोखंडी पायात अडकलो, चाक माझ्यावर चढू पाहू लागले, ते चढले नाही, आणि इंजिन गचका खाऊन बंद पडले. बंपर तिच्या गुडघ्याला टेकून थांबला होता. माझा एक तुकडा फरशीवर घरंगळत गेला आणि भिंतीला लागून वाजला.

मग मुलगी मटकन खाली बसली.

"लागलं?" मिस्त्री धावत आला.

"नाही. नाही लागलं." तिने गुडघे चाचपून बघितले. "आई! काय केलंस हे?"

"मी रिव्हर्स टाकला," बाई म्हणाल्या.

"रिव्हर्स? आई, गाडी पुढे आली! मी समोर उभी होते, दिसत नव्हते का मी तुला?"

"मी रिव्हर्सच टाकला होता गं."

मिस्त्रीने खिडकीतून हात घालून दांडी हलवून बघितली. "पहिल्यात आहे," तो हळूच म्हणाला. आणि मग, बाईंना वाईट वाटू नये म्हणून, "होतं बाई असं. वय झालं की होतं. माझी आई तर चहात मीठ घालायची."

बाईंनी दांडीकडे बघितले. मग स्वतःच्या हाताकडे बघितले. तो हात त्यांनी उलटा केला, सुलटा केला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. आणि त्या म्हणाल्या, "मग चुकलं असेल माझं."

मित्रांनो, माझी कूस फुटली तेव्हा मला जेवढे लागले नाही तेवढे या चार शब्दांनी लागले. त्यांचे चुकले नव्हते. जगात फक्त मला माहीत होते की तो हात बरोबर होता. माझ्या हिशेबाने त्यांनी रिव्हर्सच टाकला होता. दोनदा क्लच, डावीकडे, वर, अगदी जसा हजारो वेळा टाकला तसा. साक्षीदार एकच होता आणि तो तेल नसलेल्या, फुटलेल्या पोटाने फरशीवर पडला होता.

मुलीने किल्ली काढून घेतली. मिस्त्रीला म्हणाली, "ती मूठही काढा. पुन्हा तिने बसायलाच नको." मिस्त्रीने मूठ काढली. काढली, पण ती ठेवायची कुठे ते न समजून त्याने ती बाईंच्याच हातात दिली. बाई ती धरून निघून गेल्या.

भंगारवाला आला, पण त्या दिवशी त्याची हातगाडी आधीच भरली होती. "हा फुटका? हे बीड जड असतं, पुढच्या खेपेला नेतो," असे म्हणून त्याने मला पायाने बाजूला सारले. मी पुढच्या खेपेची वाट बघू लागलो. उघड्या भगदाडातून दमट हवा आत येई आणि माझ्या दात्यांवर तांबूस गंज धरू लागला. एखाद्याला खोटे ठरवलेले आहे, आपल्याला खरे ठाऊक आहे, आणि आपण गंजतो आहोत, यापेक्षा वाईट अवस्था मला माहीत नाही.

काही दिवसांनी मुलगी माझ्यावर आदळून वाकलेला बंपर सरळ करून घ्यायला आली. गाडी विकायची होती. मिस्त्रीने चहा मागवला. तिने तो हातात धरला, पण प्यायला नाही.

"आई कशा आहेत?" मिस्त्रीने विचारले.

"विचारते," ती म्हणाली. "प्रत्येक गोष्ट विचारते. पाणी पिऊ का. खुर्चीवर बसू का. काल भाकरी हातात घेऊन विचारलं, अशीच खातात ना? आधी विसरायची, पण घाबरत नव्हती. आता स्वतःच्या हाताला घाबरते, मिस्त्री. हात मांडीखाली घेऊन बसते."

"फेरी पुन्हा सुरू केली तर?"

"माझे पाय गेले असते! तिला पुढचं-मागचं कळत नाही आता." आणि मग तिने चहा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. "मला ते डॉक्टर भेटले तर सांगेन मी त्यांना. म्हणावं, हातसुद्धा विसरले."

मी तिच्या पायांपासून वीतभर अंतरावर होतो. ज्या पायांसाठी मी फुटलो तेच पाय. आणि माझ्याच पोटात ते चाक होते ज्याने सगळे सांगितले असते. ताई, खाली बघा. एकदा खाली बघा. तिने बघितले नाही.

गाडी न्यायला ती पुन्हा आली त्या दिवशी बाईंना घरी एकटे सोडता येत नव्हते, म्हणून त्यांनाही घेऊन आली. बाहेर भंगारवाल्याची हातगाडी उभी होती, रिकामी. तो मिस्त्रीशी बोलत होता. मुलीने बाईंना बाकाजवळच्या स्टुलावर बसवले. "इथेच बस हं आई. हलू नकोस."

"बसू ना?" बाईंनी विचारले.

"बस."

बाई बसल्या. एक हात मांडीखाली. दुसऱ्या हातात ती शिंगाची मूठ. मुलगी म्हणाली ते खरे होते. त्यांचा चेहरा भित्र्या माणसाचा झाला होता. त्यांची नजर फरशीवरून फिरत माझ्यावर आली. माझ्या डोक्यावरच्या उघड्या दांडीच्या टोकाला आटे होते. त्या आट्यांकडे त्यांनी बराच वेळ बघितले. मग कोणालाही न विचारता त्या वाकल्या आणि मूठ माझ्यावर बसवून फिरवू लागल्या. आटे जुळले. मूठ घट्ट झाली.

आणि मांडीखालचा हात बाहेर आला.

डावीकडे खाली. गंजाने मी करकरलो, पण गेलो. उजवीकडे वर. उजवीकडे खाली. बाईंची पाठ हळूहळू ताठ झाली. भंगारवाला आत येऊन माझ्याजवळ उभा राहिला आणि "आजी, जरा सरका, हे उचलायचं आहे," म्हणाला. बाईंनी त्याला हाताने थांबवले, जसे त्या गोठ्यात गवळ्यांना थांबवत. "थांब. गाडी मागे घेते. मागून बाजूला हो."

आणि त्यांनी दांडी डावीकडे वर ढकलली.

मुलगी आईला आवरायला आली होती. "आई, ते सोड, हात खराब होतील..." एवढे म्हणून ती थांबली. भगदाड तिच्या बाजूला होते. आतले जादा चाक तिच्या डोळ्यांसमोर सरकून मध्ये आले होते.

ती गुडघ्यांवर बसली. तिने आत बघितले. मग माझा पुढचा दंड, ज्याला पूर्वी इंजिन जोडलेले असे, तो दोन्ही हातांनी धरून फिरवला, आणि माझ्या मागच्या टोकाकडे बघितले. ते उलट्या दिशेला फिरले. तिने पुन्हा फिरवून बघितले. पुन्हा उलटे.

"मिस्त्री," ती म्हणाली. "जुन्या गाडीत रिव्हर्स कुठे होता?"

मिस्त्री जवळ आला. दांडी बघितली, भगदाड बघितले आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. मूठ आपण जुनी लावली."

"मी लावायला सांगितली." मुलीने आईचा हात धरला, ग्रीस लागलेला, गंज लागलेला. "आई. आई, तू बरोबर होतीस. तू रिव्हर्सच टाकला होतास. चूक आमची होती. ऐकतेस ना? तुझं काही चुकलं नव्हतं."

बाईंनी तिच्याकडे बघितले. मायेने, पण कोऱ्या नजरेने.

"कधी गं?" त्या म्हणाल्या.

इतके दिवस मी ज्या वाक्याची वाट बघितली होती ते वाक्य आले, आणि ज्यांच्यासाठी आले त्या तो दिवस मागे टाकून पुढे निघून गेल्या होत्या. दिवस गेला होता. भीती मात्र हातात उरली होती.

बाईंनी भगदाडात बोट घातले आणि ते नाकाशी धरले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा कोरडा का? तेल कोणी काढलं याचं? जनावराला असं उपाशी ठेवतात का?"

"घालते आई," मुलगी म्हणाली. "आत्ता घालते."

भंगारवाला रिकामी हातगाडी घेऊन गेला.

आता माझी घाई काय आहे ते सांगतो. गाडी विकलेली नाही. मिस्त्री ती जाड पाटी कापतो आहे, जी आधी कापायला वेळ नव्हता. माझा फुटलेला तुकडा त्याने भिंतीजवळ शोधून काढला आहे. तो सांधायचा तर मला आधी पुरते तापवावे लागेल आणि मग राखेत हळूहळू निववावे लागेल. घाई केली तर बीड दुसरीकडे तडकेल. हे सगळे त्याच्या इतर कामांतून वेळ मिळेल तसे चालले आहे. तोपर्यंत मुलगी शाळा सुटल्यावर बाईंना रोज इथे आणते. तेलाच्या कुपीने माझ्या दात्यांवर तेल सोडते. ते भगदाडातून गळून खालच्या ताटलीत पडते, ते ती पुन्हा भरते. बाई स्टुलावर बसून दांडी चालवतात आणि मुलगी फरशीवर बसून हाताने माझा दंड फिरवते. तीच आता इंजिन आहे. बाई आता भाकरी कशी खायची ते विचारत नाहीत.

पण काल दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बाईंचा हात मध्येच थांबला. तो पुढे कुठे जायचे ते शोधत राहिला. मी माझ्या परीने वाट मोकळी ठेवली. गंजाचा एक कणही आड येऊ दिला नाही. तरी तो थांबलेलाच राहिला. मिस्त्री कानशीने पाटी घासत होता. मी त्या कानशीला मनात म्हणत होतो, लवकर गं, लवकर.

मित्रांनो, जुनी वस्तू बदलावी लागते, हे मलाही कळते. माझे इंजिन खरेच गेले होते. पण बदलण्याआधी एकदा बघा, तिच्यावर कोणाचा हात आहे आणि त्या हाताला तिच्या कोणत्या वाटा पाठ आहेत. आणि तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस म्हणाले, "मी बरोबरच केलं होतं," तर लगेच नकाराची मान हलवू नका. आपण खाली कोणती गाडी बदलून ठेवली आहे ते आधी वाकून बघा. आणि बघायचे असेल तर आजच बघा.

काल शेवटी मुलीने हात लावला नाही. तिने नुसते विचारले, "कुठे निघालोत आई?"

मग दांडी तिसऱ्यात न जाता मधल्या मोकळ्या जागेत आली, आणि तिथून डावीकडे, वर.

"घरी," त्या म्हणाल्या. "मागे बघ गं, कोणी उभं आहे का."

मुलीने मागे वळून बघितले. मग माझा दंड धरला आणि फिरवू लागली.